शोधनिबंधाच्या आकृत्या 'अपुऱ्या रिझोल्यूशन'मुळे परत आल्या : काय करायचं?

निळी_शाई
पेशीजीवशास्त्रातला एक शोधनिबंध जर्नलला पाठवला होता. रेफरीपर्यंत (निबंध तपासणाऱ्या तज्ज्ञापर्यंत) पोचलाच नाही, तांत्रिक तपासणीतूनच परत आला. कारण एका ओळीत : 'आकृती २, ३ आणि ५ चं रिझोल्यूशन अपुरं, किमान ३०० डीपीआय हवं.' (डीपीआय म्हणजे दर इंचाला किती ठिपके.)

आमची पद्धत अशी : आलेख एक्सेलमध्ये काढायचे, पॉवरपॉइंटच्या स्लाइडवर चिकटवायचे, शेजारी मायक्रोस्कोपचे फोटो ठेवायचे, वर अ, ब, क अशी अक्षरं टाकायची आणि स्लाइड जेपेग म्हणून सेव्ह करायची. स्क्रीनवर छान दिसतं. निबंध परत आल्यावर एका सहलेखकाने फोटोशॉपमध्ये जाऊन ७२ च्या जागी ३०० टाकले. फाइल भलीमोठी झाली, अक्षरं होती त्याहून धूसर दिसायला लागली. हे नक्की काय चाललंय ते कोणी समजावून सांगेल का? आणि आता पुन्हा हात घालतेच आहे, तर आकृत्यांमध्ये आणखी काय बघून घ्यावं?

आलेखवेडा
डीपीआय हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. किती रुंदीला किती डीपीआय, असं विचारावं लागतं. चित्राकडे खरं भांडवल एकच, पिक्सेल. एका कॉलमची रुंदी ९० मिमी धरली तर ती ३.५४ इंच, ३०० ने गुणा, १०६३ पिक्सेल हवेत. पूर्ण पानाची १९० मिमी म्हणजे ७.४८ इंच, तिथे २२४४ लागतात.

आता तुमची स्लाइड घ्या. रुंद स्लाइड १३.३३ इंचांची असते आणि पॉवरपॉइंट ती चित्र म्हणून सेव्ह करताना मुळात ९६ डीपीआय वापरतं. म्हणजे हातात पडतात १२८० पिक्सेल. ते पानभर पसरले की इंचाला १७१ उरतात. जर्नलच्या कार्यालयाने परत पाठवलं ते बरोबरच आहे.

सहलेखकाने जे केलं त्याला रिसॅम्पलिंग म्हणतात. सॉफ्टवेअरने शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढून मधल्या जागा भरल्या. नवीन माहिती शून्य, कडा मात्र पसरल्या. रिसॅम्पलचा चौकोन रिकामा ठेवून नुसते ३०० लिहिले असते तर पिक्सेल तेवढेच राहून चित्र कागदावर लहान झालं असतं. दोन्हीकडून फायदा नाही.

उपाय : आलेखाचे पिक्सेल करूच नका. आलेख म्हणजे रेषा आणि अक्षरं, ती व्हेक्टर स्वरूपात (पिक्सेलऐवजी रेषांची गणिती नोंद) राहिली की रिझोल्यूशनचा प्रश्नच उद्भवत नाही. पीडीएफ, ईपीएस, एसव्हीजी यांपैकी जे जर्नल घेतं ते. एक्सेलमधून आणलेला आलेखसुद्धा स्लाइड थेट पीडीएफ म्हणून सेव्ह केली तर व्हेक्टर राहतो, फक्त मुळात चिकटवताना 'चित्र' म्हणून चिकटवलेला नसावा. फोटोंचं वेगळं. ते पिक्सेलचेच असतात, आणि ऑफिसची सॉफ्टवेअरं सेव्ह करताना ते गुपचूप दाबून लहान करतात. प्रगत पर्यायांमध्ये 'फाइलमधील चित्रे कॉम्प्रेस करू नका' असा पर्याय आहे, तो आधी चालू करा. आणि जेपेग कुठेही नको. तीक्ष्ण कडांभोवती ती जी राख सांडल्यासारखी दिसते ती जेपेगचीच देणगी. टिफ किंवा पीएनजी ठेवा.

अर्धविराम
+१. वर्डमध्ये चिकटवलेली आकृती परत बाहेर काढून 'मूळ' म्हणून पाठवणारे लोक मी पाहिले आहेत. हलके घ्या.

तळटीप
एका जर्नलच्या तांत्रिक तपासणीचं काम मी काही काळ केलं आहे, म्हणून टेबलाच्या पलीकडून लिहिते.

आधी जर्नलची लेखकांसाठीची सूचनावली उघडा आणि पहिल्या सबमिशनला काय लागतं ते बघा. हल्ली बरीच जर्नलं पहिल्या फेरीत सगळं एका पीडीएफमध्ये घेतात, मजकुराची मांडणी कशीही चालते, आणि वेगळ्या उच्च दर्जाच्या फाइल सुधारित प्रतीच्या वेळी मागतात. तसं असेल तर संदर्भांची शैली जुळवण्यात आठवडा घालवू नका. तो वेळ आकृत्यांना द्या, कारण रेफरी पहिल्या फेरीतही आकृत्याच बघणार.

मग मापं. एल्सव्हिअर या प्रकाशकाची सर्वसाधारण मापं ९०, १४० आणि १९० मिमी. फोटोंना ३००, नुसत्या रेषांच्या चित्राला १०००, दोन्ही मिसळलेलं असेल तर ५०० डीपीआय. नेचरचा एक कॉलम ८९ मिमी, दोन कॉलम १८३, अक्षरं ५ ते ७ पॉइंट. प्लॉसला टिफ किंवा ईपीएस लागतं, ३०० डीपीआयला रुंदी ७८९ ते २२५० पिक्सेल, उंची फार तर २६२५. हे आकडे बदलत असतात, तेव्हा आपल्या जर्नलचं पान त्याच दिवशी उघडून पाहिलेलं बरं.

पण परत जाणाऱ्या आकृत्यांत रिझोल्यूशनपेक्षा जास्त वेळा मला दिसलेली अडचण अक्षरांच्या आकाराची. निळी_शाई, तुमच्याच स्लाइडवर हिशोब करा. अक्षाची नावं १२ पॉइंटात असतील. १३.३३ इंचांची स्लाइड ३.५४ इंचांच्या कॉलममध्ये बसवली की सगळं साधारण पाव होतं, आणि १२ चे झाले ३.२ पॉइंट. ते भिंगातून वाचावं लागेल. म्हणून पॉवरपॉइंटच वापरायचं असेल तर पेज सेटअपमध्ये स्लाइडची रुंदीच ९० किंवा १९० मिमी करून टाका, मग आकृती जुळवायला बसा. अक्षर ७ पॉइंट, रेषा अर्धा ते एक पॉइंट, झूम १०० टक्के. जे १०० टक्क्यांना वाचता येत नाही ते छापूनही वाचता येणार नाही.

निळी_शाई
धन्यवाद! स्लाइडची रुंदीच बदलायची हे डोक्यातच आलं नव्हतं. लगे हाथ : आकृती ३ मध्ये वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) आहे. मागची बाजू काळपट होती म्हणून कॉन्ट्रास्ट वाढवला आहे. आणि दोन लेन (नमुन्यांच्या उभ्या रांगा) मधून गाळून बाकीच्या शेजारी आणल्या आहेत. चालेल ना?

काचपट्टी
इथे जरा थांबा. रिझोल्यूशन कमी असेल तर निबंध नुसता परत येतो. ब्लॉटमध्ये गडबड सापडली तर प्रकरण संस्थेपर्यंत जातं.

जर्नल ऑफ सेल बायॉलॉजीने २००२ पासून स्वीकारलेल्या निबंधांतल्या प्रतिमा छेडछाडीसाठी तपासायला सुरुवात केली. २००४ मध्ये रॉसनर आणि यामादा यांनी तिथेच काय चालतं आणि काय नाही हे उदाहरणांसह मांडलं. आज बहुतेक जर्नलांचे नियम त्याच वाटेने जातात. २०१६ मध्ये एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी ४० जर्नलांतले २०,६२१ निबंध डोळ्यांनी तपासले, ३.८ टक्क्यांमध्ये आकृत्या संशयास्पद निघाल्या, म्हणजे तेच चित्र दोनदा, फिरवून, सरकवून वगैरे. त्यातल्या निदान निम्म्यांमध्ये ते जाणूनबुजून केल्याची लक्षणं होती. उरलेले बहुधा घाईचे बळी, फोल्डरमध्ये 'अंतिम', 'अंतिम_नवीन' अशा नावांच्या फाइल असलेले.

तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट बदलता येतो, पण संपूर्ण चित्रावर सारखा, आणि ज्याच्याशी तुलना करायची त्या कंट्रोलच्या चित्रावरही तेवढाच. मागची बाजू इतकी पांढरी करू नका की अंधूक पट्टेच पुसले जातील. स्वच्छ पांढऱ्यावर तरंगणारे पट्टे दिसले की तपासणाऱ्याचे कान टवकारतात. गॅमा किंवा कुठलाही अरेषीय बदल केला तर लेजंडमध्ये (आकृतीखालच्या मजकुरात) तसं सांगायचं. एखादाच पट्टा निवडून उजळ करणं अजिबात नाही.

लेन गाळल्या असतील तर जोडाच्या जागी स्पष्ट रेघ किंवा फट ठेवा आणि लेजंडमध्ये एक वाक्य लिहा. दोन्ही तुकडे एकाच ब्लॉटचे आणि एकाच एक्सपोजरचे असले पाहिजेत. न कापलेला पूर्ण ब्लॉट पुरवणी फाइलमध्ये द्या. अनेक जर्नलं तो मागतातच, आणि नाही मागितला तरी दिलेला बरा.

मायक्रोस्कोपच्या फोटोंबद्दलही लिहून टाकतो. लेजंडमध्ये '४०० पट' असं लिहिण्यात अर्थ नाही, कारण छापताना आकार बदलला की ते खोटं ठरतं. फोटोतच स्केल बार हवा, तो इमेजजे किंवा फिजी या प्रतिमांच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ फाइलवरूनच टाका. मूळ फाइलमध्ये पिक्सेलचं माप नोंदलेलं असतं, स्लाइडवर आणलेल्या प्रतीत ते उरत नाही. दोन रंगांचं मर्ज (एकमेकांवर चढवलेली चित्रं) असेल तर लाल-हिरव्याऐवजी मजेंटा-हिरवा घ्या आणि प्रत्येक चॅनेल शेजारी करड्या छटांत वेगळं दाखवा. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. तुमचा रेफरी त्यांतला असू शकतो. शिवाय एकट्या चॅनेलची अंधूक रचना करड्या छटांमध्ये कोणालाही जास्त चांगली दिसते.

लॅटेकवाला
रंगांचा विषय निघालाच आहे तर हीटमॅपसाठी (आकडे रंगांनी दाखवणाऱ्या तक्त्यासाठी) इंद्रधनुष्यी 'जेट' पट्टी सोडा. तिच्यात मधला पिवळा सर्वांत उजळ दिसतो, त्यामुळे विदेत (डेटामध्ये) नसलेली कड डोळ्याला दिसते. पायथनमधल्या मॅटप्लॉटलिब या आलेखांच्या साधनाने २.० आवृत्तीत, २०१७ मध्ये, मूळ पट्टी बदलून विरिडिस नावाची, एकसारखी उजळत जाणारी पट्टी घेतली ती याचसाठी. वेगवेगळ्या गटांना रंग द्यायचे तर ओकाबे-इतो यांचा आठ रंगांचा संच घ्या.

बाकी माझं मत थोडं कडक आहे. ज्याला आयुष्यात एकाहून जास्त निबंध लिहायचे आहेत त्याने आकृत्या हाताने जुळवूच नयेत. स्क्रिप्ट लिहा. रेफरीने 'त्या प्रयोगातला तो नमुना वगळून पुन्हा दाखवा' म्हटलं की एक ओळ बदलायची आणि पाचही आकृत्या त्याच मापात, त्याच फॉन्टमध्ये पुन्हा बाहेर पडतात.

मॅटप्लॉटलिबवाल्यांसाठी : फिगसाइझ इंचात असतो, ९० मिमीला ३.५४ टाका. सेव्ह करताना 'बीबॉक्स टाइट' वापरू नका, ते कडेची रिकामी जागा छाटून माप बदलतं, आणि मग ९० ची आकृती ८६ ची का झाली हे शोधत बसावं लागतं. त्याऐवजी कन्स्ट्रेन्ड लेआउट वापरा. पीडीएफचा फॉन्टटाइप ४२ करा. मूळ सेटिंग ३ असतं, त्यातली अक्षरं इलस्ट्रेटरमध्ये नीट बदलता येत नाहीत आणि काही पोर्टल ती फाइलच नाकारतात. आर या संख्याशास्त्राच्या भाषेत जीजीसेव्हला रुंदी, उंची आणि एकक मिमी हे दर वेळी सांगा. नाही सांगितलं तर त्या क्षणी स्क्रीनवरची खिडकी जेवढी असेल तेवढं माप तो उचलतो.

ईपीएसमध्ये अर्धपारदर्शक रंग टिकत नाहीत. विश्वासमर्यादेची (कॉन्फिडन्स इंटरव्हलची) फिकट पट्टी अपारदर्शक होऊन खालची रेषा झाकून टाकते. असं काही असेल तर पीडीएफ.

अर्धविराम
प्रत्येकाला स्क्रिप्ट लिहिता येत नाही हो. आमच्याकडे इंकस्केप (व्हेक्टर चित्रांचं सॉफ्टवेअर) फुकट आहे आणि पुरतं.

लॅटेकवाला
इंकस्केप उत्तमच. पॅनेल जुळवायला मीही तेच वापरतो. हाताने आलेख *काढण्याला* माझा विरोध आहे, *जुळवण्याला* नाही.

दुसरा_रेफरी
(नावावर जाऊ नका, मी बराच सौम्य आहे.)

इथे सगळी चर्चा आकृती दिसते कशी यावर चालली आहे. मी निबंध हातात घेतला की आधी सारांश, मग सरळ आकृत्या आणि त्यांचे लेजंड वाचतो. मजकूर नंतर. नुसत्या आकृत्या क्रमाने पाहून प्रश्न काय होता आणि उत्तर काय मिळालं हे कळलं नाही, तर पुढचा मजकूर मी साशंक होऊनच वाचतो. म्हणून माझा सल्ला : लिहायला बसण्याआधी सगळ्या आकृत्यांच्या छापील प्रती टेबलावर मांडा, क्रम लावा, आणि प्रत्येकीखाली एकच विधान लिहा. ते विधान लेजंडचं शीर्षक. 'क्ष औषधाचा पेशींवरील परिणाम' असं नको, 'क्ष औषधाने पेशींचं विभाजन थांबतं' असं हवं. ज्या पॅनेलसाठी विधानच सुचत नाही ते पुरवणीत टाका.

दुसरी गोष्ट, स्तंभालेख. निळी_शाई, तुम्ही एक्सेल म्हणालात म्हणून अंदाज बांधतोय : तीन प्रयोग, सरासरीचा स्तंभ, वर प्रमाण त्रुटीची (स्टँडर्ड एररची) इवलीशी मिशी, म्हणजे एरर बार. बरोबर? तीनच बिंदू असताना स्तंभ काढून ते लपवायचे कशाला? तीन ठिपके दाखवा, मध्ये सरासरीची आडवी रेघ. २०१५ मध्ये वाइसगर्बर आणि सहकाऱ्यांनी प्लॉस बायॉलॉजीमध्ये दाखवून दिलं होतं की अगदी वेगवेगळ्या विखुरण्यांतून तोच स्तंभ निघू शकतो. त्याच्या कितीतरी आधी, १९७३ मध्ये, अँस्कॉम्बने चार विदासंच रचले होते : सरासरी, प्रचरण (व्हेरिअन्स) आणि सहसंबंध जवळजवळ तंतोतंत सारखे, काढून पाहिले की एक सरळ रेषेतला, एक कमानीसारखा, आणि उरलेल्या दोघांत एकेका बिंदूने सगळा खेळ केलेला.

आणि ती मिशी. प्रमाण त्रुटी म्हणजे प्रमाण विचलन (स्टँडर्ड डेव्हिएशन) भागिले नमुनासंख्येचं वर्गमूळ. तीन प्रयोग असतील तर ती विचलनाच्या ०.५८ पट दिसते, म्हणून लोकांना आवडते. पण तीन नमुन्यांना ९५ टक्के विश्वासमर्यादा प्रमाण त्रुटीच्या ४.३ पट येते. तेव्हा दोन मिशा एकमेकींना शिवत नाहीत म्हणून फरक सिद्ध झाला, असं अजिबात समजू नका. लेजंडमध्ये चार गोष्टी स्पष्ट हव्यात : मिशी कशाची, नमुने किती, नमुना म्हणजे काय, चाचणी कोणती. त्यातही 'नमुना म्हणजे काय' यावर सगळ्यात जास्त झोल होतो. तीन स्वतंत्र प्रयोग आणि प्रत्येकात तीन वेल (प्लेटमधले खळगे) म्हणजे नमुनासंख्या ३, ९ नव्हे. वेल एकाच दिवशी, एकाच फ्लास्कमधल्या पेशींपासून भरलेले असतात. ते तुमचा हात किती स्थिर आहे एवढंच मोजतात.

आलेखवेडा
ठिपक्यांबद्दल सहमत, पण सरसकट नाही. टक्केवारी किंवा मोजदाद दाखवायची असेल, म्हणजे '२०० पैकी किती पेशी', तर स्तंभ योग्यच आहे. फक्त अक्ष शून्यापासून सुरू करा.

दुसरा_रेफरी
मान्य. मोजदादीला स्तंभ, मोजमापाला ठिपके.

निळी_शाई
अंदाज अचूक आहे, मिशा प्रमाण त्रुटीच्याच आहेत. :) बदलते. आता आकृत्यांव्यतिरिक्त : कव्हर लेटर, लेखकांचा क्रम, विदा कुठे ठेवायची या सगळ्यावर थोडक्यात कोणी सांगेल का? पोर्टलवर अचानक विचारतात आणि धांदल होते.

तळटीप
थोडक्यातच सांगते. पोर्टल उघडण्याआधी सगळ्या लेखकांची संपूर्ण नावं, ईमेल, संस्था आणि ओर्किड (संशोधकाचा ओळख) क्रमांक एका फाइलमध्ये गोळा करा. लेखक कोण हे ठरवायला वैद्यकीय जर्नलं आयसीएमजेई या वैद्यकीय संपादकांच्या समितीचे चार निकष लावतात : कामात भरीव वाटा, लिहिण्यात किंवा चिकित्सक दुरुस्तीत भाग, अंतिम प्रतीला मंजुरी, आणि जबाबदारी घेण्याची तयारी. चारही लागतात. नुसता निधी आणला किंवा प्रयोगशाळा दिली तर आभारात नाव. प्रत्येकाने काय केलं यासाठी क्रेडिटची १४ भूमिकांची यादी असते, त्यावर सगळ्यांची संमती *आधी* घ्या. एआय साधनाला लेखक करता येत नाही. वापर केला असेल तर कुठे आणि कशासाठी ते लिहायचं. एआयने बनवलेली चित्रं तर बऱ्याच प्रकाशकांना मुळीच चालत नाहीत.

कव्हर लेटर एका पानाच्या आत. सारांश पुन्हा उतरवू नका, हे काम याच जर्नलच्या वाचकांना का लागेल ते सांगा. विदा झेनोडो, ड्रायॅड किंवा तुमच्या विषयाच्या कोठारात ठेवून तिचा डीओआय (कायमचा डिजिटल ओळखक्रमांक) निबंधात द्या. 'मागणी केल्यास मिळेल' हे वाक्य आता फारसं खपत नाही. दुसऱ्या निबंधातली आकृती घेतली असेल तर परवानगीचं पत्र हाताशी ठेवा. मुक्त परवान्याची असली तरी श्रेय द्यावंच लागतं.

आणि एक, जे बहुतेक लोक करत नाहीत. सगळ्या फाइल चढवल्या की पोर्टल त्या जोडून एक पीडीएफ बनवतं आणि तुमची मंजुरी मागतं. ती पीडीएफ शेवटच्या पानापर्यंत बघा, रेफरीला तीच जाते. चिन्हं तिथे बदलतात. जुन्या सिम्बॉल फॉन्टमध्ये म्यू हे अक्षर रोमन एमच्या जागी बसवलेलं असतं. पोर्टलला तो फॉन्ट मिळाला नाही की म्यूचा एम होतो आणि तुमचा १० मायक्रोमीटरचा स्केल बार १० मिलिमीटरचा होऊन बसतो. कोणतीही तपासणी हे पकडत नाही, कारण दिसायला सगळं ठाकठीक असतं.

काचपट्टी
बाप रे, हे माहीत नव्हतं. एरिअलमधलं म्यू थेट टाकलं की झालं ना?

तळटीप
हो. इन्सर्ट सिम्बॉलमधून टाकताना फॉन्टच्या खिडकीत 'सिम्बॉल' निवडलेलं नाही एवढं बघा. पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड केलेत का हेही फाइलच्या गुणधर्मांत दिसतं.

कोरा_कागद
अवांतर, पण याच पठडीतलं : पुरवणी तक्ते एक्सेलमध्ये देत असाल तर जनुकांची नावं तपासा. एक्सेल त्यांतल्या काहींना तारीख समजून बदलून टाकतं, 'सेप्ट २' ची २ सप्टेंबर होते. हा ताप इतका वाढला की नामकरण समितीने २०२० मध्ये अशा मानवी जनुकांची नावंच बदलली. सीएसव्ही फाइल दुहेरी क्लिक करून उघडू नका, आयात करताना तो स्तंभ 'टेक्स्ट' ठरवा.

माझा प्रश्न : मी ज्या जर्नलला पाठवतोय तिथे रेफरींनाही लेखकांची नावं दिसत नाहीत. शीर्षकपानावरून नावं काढली की पुरे का?

तळटीप
नाही. वर्डच्या फाइलमध्ये लेखकाचं नाव गुणधर्मांत असतं, ट्रॅक चेंजेस आणि टिपांमध्येही असतं. 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' चालवा. आकृत्यांच्या फाइलची नावं बघा, त्यांत प्रयोगशाळाप्रमुखाचं आडनाव हमखास असतं. आभार, निधीचे क्रमांक आणि नैतिक समितीच्या मंजुरीत संस्थेचं नाव असेल तर ते वेगळ्या शीर्षकपानावर हलवा. 'आमच्या आधीच्या कामात (संदर्भ १२)' असं लिहिलं असेल तर ते 'संदर्भ १२ मध्ये दाखवल्याप्रमाणे' करा. विदेचा दुवा देताना कोठाराचं पान तुमच्या नावासकट उघडत नाही ना तेही पाहा; ड्रायॅडसारखी काही कोठारं रेफरींसाठी वेगळा खासगी दुवा देतात, तो वापरा.

कोरा_कागद
आकृती ४ चं फाइलनाव बघितलं. आडनाव आहे. :)